मुले खेळत होती

‘इंग्रजीच्या तासाला अध्यापन आढळले नाही. मुले खेळत होती.’ माझ्या जुन्या शाळेच्या शेरेबहीत हा शेरा आहे. साहेब कधीच निवृत्त झाले, माझीही बदली झाली. तरी ‘तपासणी’ म्हटलं की आधी हीच दोन वाक्यं आठवतात आणि डोकं तापतं.

शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दोन शिक्षक, तिसरी-चौथी एकत्र. २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आलं, पण ते बोलणारं माणूस गावात औषधालाही सापडत नव्हतं. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमधून अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, तो कारखान्याचे पट्टे पडल्यावरच परत यायचा. तोवर शिकवलेलं सगळं पुसलेलं. म्हणून मी खेळांकडे वळलो.

त्या दिवशी ‘काय गेलं?’ चालू होतं. टेबलावर किल्ली, कंगवा, चमचा, सुई, लिंबू, काडेपेटी अशा घरातल्याच वस्तू मांडायच्या. सगळ्यांनी त्यांची इंग्रजी नावं म्हणायची, मग टॉवेल टाकायचा. मुलांनी डोळे मिटले की एकाने हळूच एक वस्तू काढायची आणि विचारायचं, “व्हॉट इज मिसिंग?” हा खेळ काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ सालच्या कादंबरीत सिमल्याचे लर्गनसाहेब किमला ताटातले रत्नखडे असेच लक्षात ठेवायला लावतात. त्यावरून जगभर या खेळाला किमचा खेळ म्हणतात. आमच्याकडे रत्नांऐवजी लिंबू, एवढाच फरक.

फडावरून नुकतीच परतलेली चौथीतली एक मुलगी ओरडली, “द नीडल इज मिसिंग!” मी थक्क झालो. हा शब्द दिवाळीपूर्वीचा. विचारलं तर म्हणाली, “सर, कोपीत धाकट्याला खेळवायचे की. आईची सुई, चमचा, काडेपेटी घेऊन.” म्हणजे आईबाप फडात असताना तिने तिथे माझा वर्ग चालवला होता! मी काही बोलणार, तेवढ्यात साहेब दारात.

“हा काय बाजार मांडलाय?” मी खेळ समजावून सांगू लागलो. ते ऐकेनात. त्याच मुलीला उभं केलं. “वेन्सडेचं स्पेलिंग सांग.” ती गप्प. “सांग की! चौथीत आहेस ना?” ती माझ्याकडे पाहू लागली. दुसऱ्याला विचारलं, त्याने मधला डी खाल्ला. बोलताना आपण सगळेच खातो. पदवीधर माणूससुद्धा हे स्पेलिंग लिहिताना क्षणभर थबकतो. मी म्हणालो, “साहेब, ही मुलगी हंगामभर फडावर होती. तिला टेबलावरची कुठलीही वस्तू विचारा.” ते म्हणाले, “वस्तू काय विचारायच्या? पेपरात वस्तू येतात का?” मग चहा घेतला, शेरा लिहिला, माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी दोन पानं लिहून दिली. उत्तर आलं नाही. पोरीला वाटलं, तिच्यामुळे सरांना बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी ती खेळात तोंडच उघडेना. मला लागलेला शेरा मी गिळला असता. तिचं गप्प बसणं मला आजही गिळता येत नाही.

पुढे एका प्रशिक्षणात हेच खेळ चकचकीत लॅमिनेट केलेल्या कार्डांवर समोर आले. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण शिकवणारे आम्हाला सांगत होते, फोटो काढा, ग्रुपवर टाका. मुलं शब्द वापरतात का, हे कुणी विचारेना. तेव्हा मलाच वाटलं, हा नुसता खेळ झाला, अध्यापन कुठंय? साहेबांचंच वाक्य माझ्या तोंडात!

आणि लिहिण्याचं म्हणाल, तर ती मुलगी परीक्षेत ‘नीडल’ धड लिहू शकली नाही. तोंडी येतं ते आपोआप कागदावर उतरतं, असं मला एके काळी वाटायचं. आता वाटत नाही. खेळ संपल्यावर तेच शब्द फळ्यावर आणि वहीत यायलाच हवेत. बिंगो त्यासाठी बरा: नऊ घरं मुलांनीच आखायची, शब्द त्यांनीच लिहायचे.

करू पाहणाऱ्या शिक्षकांना आणखी दोन-तीन गोष्टी सांगतो. चुकलेल्या मुलाला ‘आऊट’ करून बसवू नका. सरावाची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. त्याला पुढच्या डावाचा पुकारा करू द्या. एका वेळी आठ-दहा शब्द पुरे. नुसता शब्द नको, छोटं वाक्य हवं. इंग्रजी अंताक्षरी जपून खेळा: ॲपल, टेबल, ऑरेंज, सगळ्यांच्या शेवटी ई, आणि वर्ग एग-एलिफंटपाशी अडकून बसतो. ई आला की त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, असा नियम आम्ही केला होता. गोंगाट होणारच. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकाला आधी सांगून ठेवा.

आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना एक विनंती. स्पेलिंग जरूर विचारा, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी एक डाव मुलांबरोबर बसून खेळा आणि मग शेरा लिहा.