नावापुढील अंक

गावात एकाच नावाची दोन माणसे असली, म्हणजे लोक त्यांच्यासाठी काहीतरी खूण शोधून काढतात. एक थोरला गणपत, तर दुसरा धाकटा. एक वरच्या आळीचा, तर दुसरा मळ्यातला. एकाचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडू नये, एवढ्यासाठीच ही खटपट! रसायनशास्त्रालाही एकदा अशीच खटपट करावी लागली.

मूलद्रव्य कोणते, हे त्याच्या अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. कार्बनच्या अणुकेंद्रात ६ प्रोटॉन असतात. ते ७ असले, तर तो अणू कार्बनचा नव्हे, नायट्रोजनचा होय. न्यूट्रॉनांची संख्या मात्र कमीअधिक असू शकते. कार्बनच्या एखाद्या अणूत ६, एखाद्यात ७, तर क्वचित एखाद्यात ८ न्यूट्रॉन आढळतात. त्यामुळे वजनात फरक पडतो. रासायनिक वागणूक मात्र जवळजवळ तीच राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांना हे ठाऊक नव्हते. नवा किरणोत्सर्गी पदार्थ सापडला, की ते त्याला नवे नाव देत. रेडिओथोरियम, आयोनियम आणि युरेनियम-एक्स-१ ही अशीच तीन नावे. पण हे पदार्थ थोरियममध्ये एकदा मिसळले, की कोणत्याही रासायनिक युक्तीने वेगळे होईनात. फ्रेडरिक सॉडी यांनी याचा उलगडा केला. ही सारी थोरियमचीच रूपे असून मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्यांचे स्थान एकच आहे, असे त्यांनी दाखवून दिले. या रूपांना नाव हवे होते. १९१३ साली मार्गारेट टॉड या डॉक्टर व कादंबरीकार असलेल्या विदुषीने ‘समान’ आणि ‘स्थान’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून सॉडींना ‘आयसोटोप’ हा शब्द सुचविला. मराठीतील ‘समस्थानिक’ हा शब्दही नेमका त्याच अर्थाचा आहे.

पुढे नाव लिहिण्याची सोपी रीत रूढ झाली. आधी मूलद्रव्याचे नाव, मग एक लहान आडवी रेघ आणि त्यापुढे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या संख्यांची बेरीज. या बेरजेला अणुवस्तुमानांक म्हणतात. रेडिओथोरियम आता थोरियम-२२८ झाले, आयोनियम थोरियम-२३० झाले आणि युरेनियम-एक्स-१ थोरियम-२३४ झाले. तीन परक्या नावांआड दडलेले नाते असे उघड झाले. हायड्रोजनच्या जड भावंडांना तेवढी ड्यूटेरियम व ट्रिटियम ही स्वतंत्र नावे राहिली.

चिन्ह लिहिताना मात्र अंकाची जागा बदलते. ताटात मीठ आणि चटणी डावीकडे, तर भाजी उजवीकडे वाढतात. तसेच येथेही आहे. अणुवस्तुमानांक अक्षराच्या डाव्या बाजूस वर लिहावा आणि प्रोटॉनांची संख्या डावीकडेच खाली लिहावी. उजवीकडची वरची जागा विद्युत्प्रभारासाठी आणि खालची जागा रेणूतील अणूंच्या संख्येसाठी राखलेली असते. जागा चुकली, की अर्थही बदलतो.

एवढ्याशा अंकाचे एवढे कौतुक कशाला, असे एखाद्याला वाटेल. त्याने आयोडीनकडे पाहावे. स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठात असते, ते आयोडीन-१२७. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला ते आवश्यक असते. आयोडीन-१३१ किरणोत्सर्गी आहे. त्याच ग्रंथीच्या काही रोगांवर डॉक्टर ते मोजून-मापून देतात. परंतु १९८६ साली चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या अपघातात तेच हवेत पसरले आणि दुधावाटे मुलांच्या पोटात गेले. पुढे त्यांच्यापैकी अनेकांना त्या ग्रंथीचा कर्करोग झाला. अशा संकटात साध्या आयोडीनच्या गोळ्या वेळेवर दिल्या, तर ग्रंथी आधीच भरून जाते आणि घातक आयोडीनला तेथे फारशी जागा उरत नाही.

एक आयोडीन बाधणारे, तर दुसरे त्यापासून वाचविणारे! ग्रंथीला या दोघांतील भेद कळत नाही. ती दोघांनाही सारखेच आत घेते. म्हणूनच तो भेद माणसाने जाणला पाहिजे आणि औषधाच्या कुपीवर नावापुढचा अंक न चुकता लिहिला पाहिजे.