सहा तासांचा मुक्काम

कोरमंगलाच्या रस्त्यावर संध्याकाळी क्षणभर उभे राहिले, तर हिरव्या पाटीच्या विजेवरील दुचाक्या गर्दीतून निसटताना दिसतात. धूर नाही, आवाज नाही. स्वाराच्या पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी आणि मनात मिनिटांचा हिशेब. बॅटरी उतरली की तो बदली-केंद्रावर थांबतो, रिकामी काढून भरलेली बसवतो आणि काही मिनिटांत पुन्हा वाटेला लागतो. पेट्रोलचा खर्च वाचल्याचे समाधान त्याला असते, आणि ते योग्यच आहे.

या दृश्यामागे एक जुना प्रवास आहे. बंगळूरात तयार झालेली 'रेवा' ही विजेची मोटार 2001 मध्ये बाजारात आली. तिचे कर्ते चेतन मैनी 1990 मध्ये मिशिगन विद्यापीठात शिकत असताना, सूर्यप्रकाशावर चालणारी मोटार बांधणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. दोन दारांची, काहीशी खेळण्यासारखी दिसणारी रेवा भारतात मात्र बेताचीच खपली. तरीही विद्यार्थ्यांना ती पुन्हा भेटली. 1 जानेवारी ते 5 फेब्रुवारी 2009 या काळात 'इंडियन यूथ क्लायमेट नेटवर्क'च्या तरुणांनी तीन रेवा मोटारी चेन्नईहून दिल्लीपर्यंत, सुमारे 3,400 किलोमीटर, चालवीत नेल्या. बरोबर सौर विजेवर गाणारे एक वाद्यवृंद-पथक होते, आणि मोगली एरंड व करंज यांच्या तेलावर चालणारा एक ट्रकही. करंजाचे तेल आपल्याकडे दिव्यात जळले, खरजेवर लागले. ते इंजिनात ओतलेले पाहून एखाद्या आजीला गंमत वाटली असती.

छतावर सौर पॅनेल आणि टिकाऊ बॅटऱ्या बसवूनही या मोटारी एका दमात सुमारे 145 किलोमीटरच जात, आणि पुन्हा चार्ज होण्यास सहा तास घेत. वाहन म्हणून हा दोषच होय. परंतु यात्रेचे सारे बळ या दोषातच साठवले होते, असे म्हणावेसे वाटते. थांबल्यावाचून गत्यंतर नव्हते. पंधरा शहरे आणि कित्येक खेडी अशी मुक्कामाची ठिकाणे झाली; तेथे विद्यार्थ्यांना हवामानकार्याचे शिक्षण देण्यात आले, स्थानिक ऊर्जाप्रयोगांची चित्रणे झाली. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पंढरपूरला पोहोचण्यास दोन आठवड्यांहून अधिक दिवस घेते. मोटारीने ते अंतर काही तासांचे. वारीतून मुक्काम वजा केले तर कीर्तन, पंगत आणि परक्या गावातली ओळख यांतले काय उरेल? अर्थात या तुलनेला मर्यादा आहे. वारकरी स्वतःच्या पायांनी चालतो. या तरुणांच्या मोटारी भिंतीतली जी वीज पीत, ती देशात बव्हंशी कोळशाचीच होती. उत्साहात थोडा भाबडेपणा असणारच. परंतु मनुष्याने आपली चाल वाहनाच्या कुवतीप्रमाणे कमी करावी, ही गोष्ट त्यांनी पाच आठवडे प्रत्यक्ष करून दाखविली. निव्वळ धूर न सोडण्यापेक्षा ती कितीतरी अवघड आहे.

पुढे 2010 मध्ये रेवा कंपनीचा मोठा हिस्सा महिंद्रांकडे गेला. 2017 मध्ये मैनी यांनीच 'सन मोबिलिटी'ची सहस्थापना केली. तिचा उद्योग बॅटरी बदलून देण्याचा, म्हणजे ते सहा तास नाहीसे करण्याचा. अभियंत्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला. कोरमंगलातील स्वाराला आता कोठेही रेंगाळावे लागत नाही. वरच्या मजल्यावर कोणी तरी दहा मिनिटांपूर्वी मागवलेल्या दह्याची वाट पाहत असते.