जाड फोमचा हट्ट सोडताना

लॅमिनेटच्या फळ्यांखाली अंथरायचं अंडरले जितकं जाड तितकं चांगलं, हे मत मी कुठून उचललं आठवत नाही, पण होतं मात्र पक्कं. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये व्हिट्रिफाइड टाइल्सवरच लॅमिनेट टाकायचं ठरलं, तेव्हा घरात वाद झाले ते रंगावरून. अंडरलेचा निकाल मी एका वाक्यात लावला होता: 5 मिलिमीटरचा मऊ फोम. आपल्या पायांना सुख, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना शांतता.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. नमुन्याच्या दोन फळ्या जोडून त्या फोमवर ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, सांध्यावर उभ्या राहा." सांधा दिसण्याइतका खचला. लॅमिनेट फरशीला चिकटवत नाहीत. सगळी जमीन फळ्यांच्या एकमेकींतल्या पकडीवर टिकते. ही पकड म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एचडीएफमधली बारीकशी खाच. रोजच्या पावलांनी ती वाकत राहिली, तर कधीतरी तुटणारच. म्हणजे अंडरलेने गादी व्हायचं नाही, टेकू द्यायचा. बरेच उत्पादक 3 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका म्हणतात, ते यासाठी. आम्ही 2 मिलिमीटरचा एक्सपीएस हा घट्ट फोम घेतला, त्याखाली ओल अडवायला प्लास्टिकचा कागद.

फोममुळे फरशीचे उंचसखल भाग झाकले जातील, ही आशाही सोडली. 2 मीटरची पट्टी फिरवून जिथे फट दिसली तिथे लेव्हलिंग करून घेतलं. जाड फोमचे वाचलेले पैसे तिथे गेले. भिंतीलगतची 10 मिलिमीटरची फट मला आधी कामचुकारपणा वाटली होती. पावसाळ्यात एचडीएफ फुगतं, त्याला सरकायला जागा लागते, हे कळल्यावर स्कर्टिंगसुद्धा भिंतीलाच ठोकायचं, जमिनीला नाही, हेही पटलं.

आवाजाबाबत मात्र माझं समाधान अर्धंच आहे. खाली जाणारा धक्का आणि खोलीतच घुमणारी टकटक हे दोन वेगळे आवाज आहेत. एकावरचा उतारा दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. आणि पातळ अंडरलेवरची जमीन पायाला कडक लागते, हेही खरं. पण मऊपणा हवाच असेल तर तो वर अंथरावा. आमच्याकडे ते काम जुनी सतरंजी करते.