पाव गोळीचं देणं

आमच्या भागातल्या मेडिकलवाल्या अण्णांचं मी देणं लागतो. पैशांचं नव्हे, ते त्यांनी चोख घेतले.

मे महिना होता. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि आमचा बोका भुऱ्या एरवीही पाण्याला तोंड लावणारा नव्हेच. तो सारखा मातीत जाऊन बसायचा, कुंथायचा, ओरडायचा; थेंब पडायचा नाही. आईला वाटलं, पोट धरलंय, एरंडेल पाजावं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार निमुळती. बारीक खडे, चिकट साका अडकला की वाट बंद. एक-दोन दिवस तसंच राहिलं तर रक्तात पोटॅशियम वाढून काळीज थांबतं. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, सलाईन मारून वाट मोकळी केली. नळी काढल्यावर दुखावलेली मूत्रनलिका आकसू नये म्हणून चिठ्ठीवर लिहिलं, प्राझोसिन, पाव मिलिग्रॅम.

अण्णांचं शटर अर्धं खाली आलं होतं.

"पेशंट कोण?"

"बोका."

ते हसले नाहीत. रक्तदाबाचं, प्रोस्टेटचं माणसांचं औषध हे. दुकानात होती ती एक्सएल गोळी. "ही दिवसभर हळूहळू सुटणारी. फोडली तर सगळं एकदम अंगात जाईल. बीपी पडून मरंल की तो!" विकायलाच तयार होईनात. पोराला गाडीवर दुसऱ्या दुकानात पिटाळून एक मिलिग्रॅमची साधी गोळी मागवली, ब्लेडने चार तुकडे केले, कागदात पुड्या बांधल्या. एका तुकड्याचा भुगा झाला तो फुंकून टाकला. "ह्याचं माप कळत नाय."

नंतर वाचलं, की टोकाकडचे स्नायू वेगळ्या जातीचे, त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. २०२२ साली अमेरिकेत ३८८ बोक्यांच्या नोंदी तपासल्या, तर प्राझोसिन दिलेल्यांचं पुन्हा तुंबण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. मग भुऱ्या नळीनं वाचला, गोळीनं, की खाण्यात पाणी कालवायला लागलो त्यानं? तो हिशेब मी मांडत नाही. त्या रात्री एक्सएल फोडून घातली असती तर, एवढाच मांडतो.

अजून बीपीची गोळी आणायला गेलो की अण्णा भर गिऱ्हाइकांत आधी विचारतात, "काय, लघवी होतीय का नीट?" गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. भुऱ्याचं नाव ते कधीच घेत नाहीत.