ऐकू न आलेला प्रश्न

2022 च्या जानेवारीत ओमायक्रॉनची लाट होती, त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीने अकाउंट्समधल्या जागेची मुलाखत झूमवर ठेवली. इकडे एसटीचा संप चालूच होता. इचलकरंजीहून पुण्याला जायचं कसं, ही चिंता मिटली म्हणून मी खूशच झाले.

विषयाची भीती नव्हती. गावातल्या एका कर सल्लागाराकडे मी बरीच वर्षं जीएसटीची विवरणपत्रं भरत होते. शिवाय 1 जानेवारीपासून नियम बदलला होता. पुरवठादाराने दाखवलेलं बिल आपल्या जीएसटीआर-टूबी या मासिक विवरणात उमटलं असेल तरच खरेदीवरच्या कराचं इनपुट क्रेडिट मिळणार होतं. आधी मिळणारी 5 टक्क्यांची मोकळीक गेली होती. यावर विचारणार हे नक्की, म्हणून जीएसटीआर-टूए या दुसऱ्या विवरणाचे आकडे पुरवठादार भरतील तसे बदलत राहतात आणि टूबी महिन्याच्या 14 तारखेला गोठतं, असं तेव्हाच्या पद्धतीचं सगळं उत्तर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि लॅपटॉपशेजारच्या भिंतीवर चिकटवलं.

आमच्या घरामागे यंत्रमागांचा कारखाना आहे. त्या खटखटीची आम्हाला इतकी सवय, की माग बंद पडले तरच आमचे कान टवकारतात. मुलाखत घेणाऱ्यांना ती ऐकू जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सुरुवातच हसं होऊन झाली. मुलीची ऑनलाइन शाळा त्याच लॅपटॉपवर भरायची, त्यामुळे माझ्या नावाच्या जागी पडद्यावर 'चौथी ब' असं झळकत होतं. साहेब हसले, मीही हसले. नाव तेव्हाच बदलता आलं असतं, पण कुठलं बटण दाबायचं हे विचारायला लाज वाटली.

मग आवाज तुटायला लागला. एका प्रश्नातलं मला फक्त शेवटचं ऐकू आलं, '...बी कसं बघता?' त्या क्षणी 'सर, आवाज तुटला, पुन्हा सांगता का?' एवढंच म्हणायचं होतं. मी मान डोलावली. दरमहा भरायच्या थ्रीबी विवरणपत्राबद्दलच विचारलं असणार असं मनाशी ठरवून 20 तारखेची मुदत, देणं, क्रेडिटची वजावट, सगळं घडाघडा सांगून टाकलं. समोरचे तिघे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, खूश आहेत.

नकाराचं पत्र आल्यावर मी कंपनीच्या एचआरमधल्या मॅडमना फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं, 'टूबी कसं बघता हे विचारलं, तर तुम्ही भलतंच बोललात. आणि मधूनमधून बाजूला बघून वाचत होतात.' ज्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं, नेमका तोच होता तो.

रागाच्या भरात मी झूमवर एकटीच बसून स्वतःचं रेकॉर्डिंग केलं. ते बघवेना. पाठीमागे खिडकी, त्यामुळे चेहरा काळा. कॅमेरा हनुवटीखाली. आणि मुलाखतीत समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं होतं तशीच मी पडद्याच्या मध्यावर बघत होते, तर रेकॉर्डिंगमध्ये मान खाली घालून बोलल्यासारखी दिसत होते. यावरचे उपाय क्षुल्लक निघाले. खिडकीकडे तोंड केलं, लॅपटॉप धान्याच्या डब्यांवर चढवला, कॅमेऱ्याशेजारी एक टिकली लावली आणि बोलताना तिच्याकडे बघायची सवय केली. कागद भिंतीवरून काढून टाकला. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो पण वायफाय जातं, हे मुलीच्या शाळेमुळे माहीत होतंच. म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलं. वायरचा साधा इअरफोन घेतला. माइक तोंडाजवळ असला की मागांची खटखट बरीच मागे पडते.

पण हे सगळं त्या जानेवारीत केलं असतं, तरी ती नोकरी मिळाली असती असं मला वाटत नाही. आवाज तुटल्यावर गप्प बसायला मला वायफायने सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसांना 'पुन्हा सांगा' म्हणणं मला उद्धटपणा वाटायचा. समोरासमोर ही भीड खपून जाते, कारण आपला गोंधळ समोरच्याला तोंडावर दिसतो आणि तो आपणहून प्रश्न पुन्हा विचारतो. पडद्यावर काडीपेटीएवढ्या चौकटीत गोंधळ दिसत नाही, नुसती डोलणारी मान दिसते.

पुढची मुलाखत कोल्हापूरच्या एका सूत व्यापाऱ्याकडची होती. तिथे मी नमस्कारानंतर लगेच सांगून टाकलं, 'घरामागे माग आहेत, खटखट येईल. माझा आवाज नीट पोचला नाही तर सांगा, मीही विचारेन. वीज गेली तर दोन मिनिटांत मोबाइलवरून परत येते.' मालक म्हणाले, 'माग कसले, साधे की ऑटोलूम?' आणि गप्पा बाणा-बिमांवरून जॉबवर्ककडे, मागवाल्यांकडे गेलेल्या सुताच्या नोंदींकडे वळल्या. मध्ये आवाज तुटला तेव्हा मी प्रश्न पुन्हा विचारून घेतला. कुणाच्याही कपाळावर आठी पडली नाही.

नोकरी मिळाली. पगार मात्र मनात होता त्याहून कमी ठरला, कारण 'अपेक्षा किती?' या प्रश्नावर 'तुम्ही द्याल ते' असं मी म्हणून गेले. तो प्रश्न तर अगदी स्वच्छ ऐकू आला होता.