नव्वद सेकंदांची गुणवत्ता

"ताई, आकृत्या सगळ्या सोडवल्या. एकही चुकली नसेल."

१८ जानेवारी २०२५. दुपारचे दीड वाजून गेले होते. नवोदयची प्रवेश परीक्षा सुटली होती आणि आमच्या कात्रपच्या अभ्यासवर्गातली पाचवीतली मुलगी केंद्राच्या फाटकातून बाहेर येऊन मला हे सांगत होती. मला आनंद झाला. मग विचारलं, गणित कसं गेलं? तर म्हणाली, "गणिताची नऊ राहिली. आणि भाषेचा शेवटचा उतारा वाचलाच नाही. सर म्हणाले, पेन खाली ठेवा."

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे निकालाच्या यादीतही ते नव्हतं.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून उभी राहिलेली जवाहर नवोदय विद्यालयं म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा. सहावीपासून बारावीपर्यंत. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं. पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाली. जिल्ह्यामागे एक शाळा, आणि वर्षाला सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं. प्रवेशासाठी दोन तासांचा एकच पेपर : ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे प्रश्न, म्हणजे ४०, फक्त आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल सांगा, मोठ्या नक्षीत लपलेली छोटी आकृती शोधा. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. त्यांना ६० मिनिटं. बाकीच्या तासात गणित २० आणि भाषा २०. कसाही हिशोब करा, एका प्रश्नाला दीड मिनिट.

आणि या परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं. पुढच्या वर्षी बघू, हा पर्याय नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोराला आपण सांगतो, बाळा, हे दोन तास.

कात्रप नावाला गाव आहे, कागदावर शहर. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे आमच्या चाळीतली पोरं उरलेल्या जागांसाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांशी झुंजतात. ठाणे जिल्ह्याचं विभाजन २०१४ मध्ये झालं, शाळा राहिली पालघरकडे. जुन्या हद्दीचा नियम आहे म्हणून आमची मुलं तिथे अर्ज करू शकतात. ठाण्याला स्वतःचं नवोदय मंजूर झालं ते ६ डिसेंबर २०२४ ला. आम्ही त्या दिवशी चैत्यभूमीवर होतो, बातमी दुसऱ्या दिवशी वाचली. अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत, हेही सांगायला हवं. पण त्या राखीव जागांतसुद्धा आमच्या मुलीची गाठ आपल्याच समाजातल्या, दोन वर्षं कोचिंग घेतलेल्या, नोकरदार आईबापांच्या मुलांशी पडते. हे बोलायला आपल्याला अवघड जातं. मलाही जातं.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. रागावायला नाही, समजून घ्यायला. तिने जे सांगितलं त्यातली एकेक गोष्ट मला नंतर झोपू देत नव्हती.

पहिली गोष्ट, लपलेल्या आकृतीचा एक प्रश्न. तो तिला "दिसत होता आणि निसटत होता". ती त्याला धरून बसली. किती वेळ? माहीत नाही. सोडून पुढे का गेली नाहीस? तर म्हणाली, "सोडलं तर हरल्यासारखं वाटतं ना." हे तिला कोणी शिकवलं? आम्हीच. चळवळीतली माणसं आयुष्यभर पोरांना एकच सांगतात, मागे हटू नका.

दुसरी गोष्ट, घड्याळ. वर्गात घड्याळ होतं, पण मागच्या भिंतीवर. "मग वळून बघायचंस की." यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मलाच काही कळत नाही. "मागे बघितलं तर कॉपी करते म्हणतील ना ताई." दोन तासांत तिने एकदाही मान वळवली नाही. ही भीती दहा वर्षांच्या मुलीत कुठून येते, यावर मी माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमातली अर्धी पुस्तकं तुम्हाला ऐकवू शकेन. पण तेवढी पुस्तकं वाचूनही माझ्या डोक्यात हे आधी आलं नव्हतं, हे खरं.

तिसरी गोष्ट ऐकून तर मी कपाळावर हात मारला. तिने १४ प्रश्नांचे गोल कोरे ठेवले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शेवटच्या मिनिटात डोळे मिटून गोल काळे केले असते तरी चारांतला एक बरोबर येण्याची शक्यता होती. एका प्रश्नाला सव्वा गुण, म्हणजे साडेसतरा गुणांची जागा तिने रिकामी सोडली. का? "माहीत नसताना उत्तर लिहिलं तर खोटं बोलल्यासारखं होतं. चौथं शील."

दर रविवारी वर्ग सुरू करण्याआधी विहारात पंचशील मीच म्हणवून घेते.

सहा महिने मी या मुलांना आकृत्या शिकवल्या. बाजारातलं जाड पुस्तक आणलं, झेरॉक्स काढल्या, प्रत्येक प्रश्न फळ्यावर काढून समजावला. कोणाला कळलं नाही तर पुन्हा समजावला. घाई करू नका, नीट बघा, हे माझं पालुपद होतं. एकदाही दोन तास लावून अख्खा पेपर सोडवून घेतला नाही. कारण विहाराची खोली आम्हाला दीड तासच मिळते, आणि कारण मला वाटायचं की समजलं की वेग आपोआप येतो. तो येत नाही. वेग ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. तिला जे येत होतं ते तिचं होतं, जे आलं नाही ती माझी चूक.

आता मुद्द्याचं. आकृत्यांचा पेपर का ठेवतात? सांगितलं जातं की आकृतीला भाषा नसते, पाठांतर नसतं, त्यामुळे खेड्यातल्या-वस्तीतल्या मुलावर अन्याय होत नाही, खरी बुद्धी कळते. ऐकायला छान आहे. पण या "खऱ्या बुद्धी"चा इतिहास आपण जरा बघायला हवा. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी बनवली ती कोणत्या मुलांना जास्त मदत हवी हे ओळखायला. अमेरिकेत गेल्यावर तीच चाचणी माणसं वरखाली लावायचं यंत्र झाली. लुईस टर्मन यांची सुधारित आवृत्ती आली १९१६ मध्ये. त्याच वर्षी, मे महिन्यात, त्याच देशात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचत होते. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि सैन्यभरतीत लाखो माणसांची बुद्धी मोजली गेली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रांची वेगळी चाचणी होती, "बीटा". चक्रव्यूह, ठोकळे मोजणं, आकृती पूर्ण करणं. आणि प्रत्येकाला मोजून काही मिनिटं. ज्यांनी आधी कधी हातात पेन्सिल धरली नव्हती अशी माणसंही त्यात होती. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये पुस्तक लिहून कोणते वंश हुशार आणि कोणते मठ्ठ हे ठरवून टाकलं. १९३० मध्ये त्यानेच मान्य केलं की त्या निष्कर्षांना पाया नव्हता. तोवर परदेशातून येणाऱ्यांवर बंधनं घालणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता.

म्हणजे भाषा काढून टाकली तरी अन्याय निघून जात नाही. तो घड्याळात जाऊन बसतो.

कोणी म्हणेल, वेगसुद्धा बुद्धीच की. मग हे बघा. १४ एप्रिलच्या आधी आमच्या विहारात पताका करतात. निळा कागद दोनदा दुमडायचा, कोपऱ्यावर कात्री चालवायची आणि उघडायचा. हीच मुलगी गेली दोन वर्षं कागद न उघडता सांगते की नक्षी कुठे येणार. परीक्षेतला घडी-भोकाचा प्रश्न आणि हे, एकच काम आहे. तिची आई अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. सपाट पुठ्ठा हातात आला की त्याचा खोका कसा होईल हे तिला विचार न करता दिसतं. या घरात आकृतीची जाण कमी आहे असं कोण म्हणेल? कमी काय आहे, तर कागदावरच्या चार पर्यायांसमोर घड्याळ लावून बसण्याची सवय. ती सवय कोचिंगवाले पैसे घेऊन लावतात आणि तिलाच पुढे गुणवत्ता असं नाव पडतं. शर्यतीच्या आरंभरेषेबद्दल बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाच्या त्या न झालेल्या भाषणात जो युक्तिवाद केला, तो मला इथे नव्याने कळला.

म्हणून परीक्षा बंद करा? मी तसं म्हणत नाही. कोणत्याही फुकटच्या चांगल्या शाळेच्या दारात रांग लागणारच, आणि रांगेला काहीतरी नियम लागणारच. शिफारशीपेक्षा पेपर बरा, हे आपल्या लोकांना सांगायची गरज नाही. पण घड्याळ सगळ्या मुलांना समोर दिसेल अशा भिंतीवर असावं, एवढी साधी गोष्ट तरी मागायला काय हरकत आहे?

या वर्षीपासून आमचा वर्ग बदललाय. खोलीसाठी विहाराच्या कमिटीशी भांडून महिन्यातून दोन रविवार अडीच तास मिळवले. मुलांना आता दोन फेऱ्या शिकवतो. पहिल्या फेरीत मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात दिसलं तर गोल काळा करायचा, नाही दिसलं तर प्रश्नावर छोटी खूण करून पुढे. चाळीस आकृत्यांपैकी बऱ्याचशा तिसाच्या आतच होतात, आणि वाचलेली मिनिटं गणिताला जातात, जिथे दीड मिनिट खरोखर अपुरं पडतं. भोकांच्या प्रश्नात आधी मोजायचं : दोन घड्या आणि सगळ्या थरांतून एक भोक, म्हणजे उघडल्यावर चार. ज्या पर्यायात चार नाहीत तो गेला. आरशाच्या प्रश्नात अख्खी आकृती फिरवत बसायचं नाही, एक वेडावाकडा कोपरा पकडायचा आणि तो कुठे गेला तेवढंच बघायचं. मालिकेत एका वेळी एकच खूण, आधी बाणाकडे बघा, मग ठिपक्याकडे.

यात एक खड्डा आहे, तो पहिल्याच सरावात कळला. मूल सतरावा प्रश्न सोडून अठराव्यावर जातं आणि उत्तरपत्रिकेवर अठराव्याचं उत्तर सतराव्यात काळं करतं. तिथून पुढचं सगळं एकेक घर वर सरकतं. त्यामुळे आता गोल काळा करताना प्रश्नाचा आकडा ओठांत म्हणायचा असा नियम आहे. खोलीभर कुजबुज चालते, चालू दे. दुसरी गंमत म्हणजे, आरशातलं घड्याळ बघून खरी वेळ काढणारी मुलं भिंतीवरच्या काट्यांकडे बघून "किती मिनिटं उरली" हे पटकन सांगू शकत नव्हती. घरात सगळ्यांची वेळ मोबाइलवर असते. दोन रविवार नुसते त्यात गेले.

प्रश्न सोडून देण्याचं मात्र मला समजावता येत नव्हतं. ते तिच्या आईने समजावलं. ती एकदा वर्गात आली होती, मागे बसून ऐकत होती. म्हणाली, "अगं, भरलेली गाडी आली तर मी काय दाराला लटकते का? सोडते, पुढची पकडते. पण स्टेशनातून घरी नाही जात." पोरं हसली, आणि त्या दिवसापासून वर्गात अवघड आकृतीला "भरलेली गाडी" म्हणतात.

चौथ्या शीलाचाही निकाल लावावा लागला. मी सांगितलं की अंदाज हा अंदाज म्हणून केला तर ते खोटं नाही, पेपर काढणाऱ्यांना ते माहीत असतं आणि नियमात ते बसतं. मुलांना पटलं. मला पूर्ण पटलंय का, विचारू नका.

एका जुन्या कार्यकर्त्या दादांनी मला ऐकवलं की ताई, तुम्ही आपल्या पोरांना त्यांच्याच शर्यतीचे घोडे बनवताय. त्यांना उत्तर देताना मी जरा चिडले होते. आता शांतपणे सांगते. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात, त्या घरातल्या मुलीला सात वर्षं स्वतःचा पलंग, ग्रंथालय आणि मैदान मिळणार असेल तर मी तिला तीसपर्यंत मोजायला शिकवणार. शर्यतीवर टीका करायला ती पुढे आपल्याइतकीच मोकळी आहे. तरीही दादांचा एक प्रश्न माझ्याकडे उरलाय. वर्गात एक मुलगा आहे. त्याला प्रत्येक आकृतीला तीन मिनिटं लागतात आणि त्याचं एकही उत्तर चुकत नाही. दोन फेऱ्या, तीस सेकंद, सगळं करून पाहिलं. घाई केली की तो चुकतो आणि चुकला की गप्प होतो. या पेपरात त्याच्यासाठी जागा नाही आणि माझ्या वर्गात त्याच्यासाठी युक्ती नाही. मी त्याला सराव पेपर वेळ न लावता सोडवू देते. तो शेवटी उठतो, खुर्च्या लावून झाल्यावर.

यंदा सहा मुलं बसणार आहेत. त्या मुलीचा धाकटा भाऊ त्यात आहे. ती स्वतः आता इथल्याच शाळेत सहावीत आहे आणि रविवारी येऊन पेपर वाटते. मागच्या आठवड्यात तिने खुर्ची लावून विहारातलं घड्याळ समोरच्या भिंतीवरून काढलं आणि मुलांच्या पाठीमागे लावलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "वळून बघायची सवय नको का व्हायला?"