ताठ मानेची बाजू

‘प्राइड गोज बिफोर अ फॉल’ ही म्हण मला शाळेत भेटली, इंग्रजीच्या तासाला, कल्पनाविस्तारासाठी. वहीत शेजारीच ‘गर्वाचे घर खाली’ लिहिलं. रावण, दुर्योधन ही उदाहरणं तयारच होती.

पुढे ती माणसांच्या तोंडून ऐकू येऊ लागली. पहिली आलेली मैत्रीण वर्गात मोठ्याने हसली तेव्हा. कचेरीत बढती डावललेल्या बाईंनी कारण विचारलं तेव्हा. खुर्चीवरच्यांना मात्र ती कुणी ऐकवत नसे. नुकती कुठे वर होऊ लागलेली मान दिसली, की म्हण हजर! याचा मला फार राग येई.

म्हणून मूळ शोधलं. बायबलच्या नीतिसूत्रांतला सोळावा अध्याय, अठरावं वचन. १६११च्या किंग जेम्स भाषांतरात गर्वामागून नाश येतो आणि उद्दामपणामागून पतन. लोकांनी मधलं गाळून दोन टोकं जोडली, तीच आजची म्हण. पण खरा अर्थ मला एकोणिसाव्या वचनात सापडला. गर्विष्ठांबरोबर लूट वाटून घेण्यापेक्षा दीनांबरोबर नम्रपणे राहणं बरं, असं ते सांगतं. म्हणजे इथला गर्विष्ठ लुटीतला वाटेकरी आहे. स्वतःच्या कष्टांचा आनंद मानणारी मुलगी त्यात कुठेच बसत नाही.

पंडिता रमाबाईंची पत्रं वाचताना हे अधिक पटलं. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी मुलग्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी निमूट मान तुकवली नाही. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, असं त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट कळवलं. वडीलधाऱ्यांना त्यात अहंकार दिसला. त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकामुलींना आसरा दिला आणि आयुष्याच्या अखेरीस सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. दीनांबरोबर राहणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणी जगून दाखवलं? ताठ मान आणि नम्र मन एकाच माणसात नांदतं, ते असं.

भाची ‘मला हे जमतं’ म्हणाली, की मी तिची पाठ थोपटते. म्हण आहे ती लुटीच्या वाटेकऱ्यांसाठी, आणि तीही ते खुर्चीवर असतानाच ऐकवायची. पडलेल्याला ऐकवायला धैर्य लागत नाही.